हिरडा, आवळा आणि जीवनसत्त्व ‘क’

पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडत गेले, तर पावसाबरोबर झाडोराही बदलत जातो. पश्चिमेला घाटमाथ्यावर, नाणेघाटापासून आहुपे आणि भीमाशंकरपर्यंतच्या पट्ट्यात हिरडा, आवळा, जांभूळ, करवंद ही रानची झाडे आणि झुडपे. पूर्वेला कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या पाण्यावर नारायणगावचा टोमॅटो, जुन्नरची द्राक्षे आणि मंचरचा कांदा. या सगळ्या मालात एक गोष्ट समान आहे. कुणाला जांभळा रंग देणारी, कुणाला तुरट चव देणारी अशी काही वनस्पतिजन्य रसायने त्यांत विपुल असतात. त्यांपैकी एका मोठ्या गटाला फ्लॅव्होनॉइड असे म्हणतात.

हेच नाव आता औषधांच्या दुकानात, बाटल्यांवरही वाचायला मिळते. ‘जीवनसत्त्व क, बायोफ्लॅव्होनॉइडसह’ अशा गोळ्या मिळतात आणि नुसत्या ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळीपेक्षा त्या महागही असतात. त्यांच्यामागचा दावा असा की, निसर्गात ‘क’ जीवनसत्त्व एकटे कधीच नसते, त्याच्यासोबत फ्लॅव्होनॉइड असतात, म्हणून दोन्ही एकत्र घेतल्यास गुण अधिक येतो. ऐकायला हे पटण्यासारखे वाटते. पण ते खरे आहे का?

थोडक्यात उत्तर द्यायचे तर असे: फळाच्या आत ही दोन्ही रसायने एकमेकांची राखण करतात, हे खरे आहे. गोळीतून ती एकत्र दिल्याने ‘क’ जीवनसत्त्वाचा गुण वाढतो, याला मात्र भक्कम पुरावा नाही. आणि एका बाबतीत, म्हणजे अन्नातील लोह अंगी लागण्याच्या बाबतीत, ‘क’ जीवनसत्त्व आणि तुरट वनस्पतिद्रव्ये चक्क एकमेकांच्या विरुद्ध बाजूला उभी राहतात. आपल्या शाळांतील मुलामुलींच्या दृष्टीने ही तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची आहे. ती समजून घेण्यासाठी आधी या रसायनांची ओळख करून घेऊ.

तुरट आणि रंगीत

कार्बनच्या सहा अणूंचे एक कडे, तसेच दुसरे एक कडे, आणि त्या दोघांना जोडणारी तीन कार्बन अणूंची साखळी. पंधरा कार्बन अणूंचा हा सांगाडा ज्या रेणूंत असतो, ते फ्लॅव्होनॉइड. या सांगाड्यावर ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जोड्या कुठे आणि किती बसतात यावर त्यांचे प्रकार ठरतात. आतापर्यंत असे हजारो प्रकार माहीत झाले आहेत.

त्यांची उदाहरणे शोधायला लांब जायला नको. कांद्यात क्वेर्सेटिन असते. बाहेरच्या पापुद्र्यांत ते सर्वांत जास्त असते. काळी द्राक्षे, जांभूळ, पिकलेले करवंद यांचा जांभळा-काळा रंग अँथोसायनिन या फ्लॅव्होनॉइडचा. टोमॅटोच्या सालीतही थोडे फ्लॅव्होनॉइड असते. लिंबू-संत्र्याच्या सालीखालचा पांढरा, कडवट भाग आपण टाकून देतो, त्यात हेस्पेरिडिन असते. गोळ्यांत घातले जाणारे ‘बायोफ्लॅव्होनॉइड’ बहुधा या मोसंबीवर्गीय फळांच्या सालीपासूनच काढलेले असते. ‘बायो’ या उपसर्गाने त्यात काही विशेष भर पडत नाही. फ्लॅव्होनॉइड मुळात वनस्पतींनीच तयार केलेले असतात.

हिरड्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. वाळलेल्या हिरड्याच्या वजनात सुमारे ३० टक्के टॅनिन असते. गॅलिक आम्लाचे अनेक रेणू जोडून हे टॅनिन बनलेले असते, त्यात पंधरा कार्बनचा सांगाडा नसतो. त्यामुळे काटेकोरपणे पाहिले तर ते फ्लॅव्होनॉइड नव्हे. मात्र फ्लॅव्होनॉइड आणि टॅनिन हे दोन्ही पॉलिफिनॉल या एकाच मोठ्या कुळातले. कुळ एक असल्यामुळे त्यांचे काही स्वभावही सारखे आहेत. ते इतर पदार्थांना इलेक्ट्रॉन सहज देतात, म्हणजे क्षपण करतात. धातूंच्या आयनांना, विशेषतः लोह आणि तांब्याला, ते चटकन पकडतात. आणि प्रथिनांना चिकटतात. जिभेवर तुरटपणा जाणवतो तो लाळेतील प्रथिनांना टॅनिन चिकटल्यामुळे. कातडे कमावण्यासाठी हिरडा वापरतात तोही याच गुणामुळे.

जुन्नर आणि आंबेगावच्या आदिवासी भागात, मुख्यतः महादेव कोळी समाजाच्या अनेक कुटुंबांना, बाळहिरडा विकून वर्षाकाठी रोख पैसा मिळतो. कोवळेपणीच तोडून वाळवलेला हा हिरडा औषधांसाठी आणि रंग, कातडे अशा उद्योगांसाठी जातो. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने या झाडांचे मोठे नुकसान केले, तेव्हा हिरड्याच्या नुकसानभरपाईचा प्रश्न ऐरणीवर आला होता. म्हणजे या भागातील मुलांच्या घरचा मीठमिरचीचा खर्च ज्या रसायनावर चालतो, त्याच रसायनाविषयी आपण बोलत आहोत.

१९३६ सालचे दोन शोधनिबंध

‘क’ जीवनसत्त्व आणि फ्लॅव्होनॉइड यांची जोडी प्रथम जुळवली ती आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी या हंगेरियन शास्त्रज्ञाने. १९२८ साली त्याने प्राण्यांच्या अधिवृक्क ग्रंथी, संत्री आणि कोबी यांतून एक नवे, सहज क्षपण करणारे आम्ल वेगळे केले. हेच ‘क’ जीवनसत्त्व आहे हे १९३२ मध्ये स्पष्ट झाले. पुढे हंगेरीतील सेगेद या गावी मुबलक पिकणाऱ्या लाल ढोबळ्या मिरचीतून त्याने ते मोठ्या प्रमाणावर मिळवले.

‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावी स्कर्व्ही हा रोग होतो. हिरड्यांतून रक्त येते, कातडीखाली रक्ताचे डाग पडतात, जखमा भरत नाहीत. शुद्ध स्वरूपातील जीवनसत्त्व हाती आल्यावर रक्तस्रावाच्या इतर विकारांवरही ते चालेल, अशी अपेक्षा होती. अनुभव उलटा आला. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त झिरपण्याच्या एका विकारात मिरचीचा अशुद्ध अर्क उपयोगी पडला, शुद्ध ‘क’ जीवनसत्त्व मात्र पडले नाही. तेव्हा अर्कात आणखी काहीतरी असले पाहिजे, असा तर्क झाला. १९३६ मध्ये सेंट-ज्यॉर्जी आणि त्याचा सहकारी रुस्न्याक यांनी हे ‘काहीतरी’ म्हणजे फ्लॅव्होनॉइड असल्याचे जाहीर केले आणि त्याला ‘पी’ जीवनसत्त्व असे नाव दिले. १९३७ साली सेंट-ज्यॉर्जीला नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे या कल्पनेलाही वजन आले.

पण एखाद्या पदार्थाला जीवनसत्त्व म्हणण्याची कसोटी कडक आहे. तो आहारातून पूर्ण काढून टाकला की ठरावीक रोग व्हायला हवा आणि तो पुन्हा दिला की रोग बरा व्हायला हवा. ‘क’ जीवनसत्त्व या कसोटीला उतरते. फ्लॅव्होनॉइड उतरले नाहीत. त्यांच्या अभावाने होणारा कोणताही रोग दाखवता आला नाही. अखेर १९५० मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांच्या समितीने ‘पी’ जीवनसत्त्व हे नाव सोडून द्यावे असे सुचवले. नाव गेले, पण कल्पना बाजारात टिकून राहिली. आजच्या गोळ्यांचे मूळ तिथे आहे.

त्याच वर्षी, म्हणजे १९३६ मध्ये, मद्रास येथे दामोदरन आणि नायर या दोन संशोधकांनी आवळ्यावरचे आपले काम प्रसिद्ध केले. एरवी ‘क’ जीवनसत्त्व हे फार नाजूक. हवा, उष्णता आणि धातूचा स्पर्श यांनी ते पटकन नष्ट होते. आवळ्याच्या रसातील जीवनसत्त्व मात्र त्या मानाने टिकते, हे कसे? त्यांनी आवळ्यातून एक टॅनिन वेगळे केले आणि ते ‘क’ जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकरण रोखते असे दाखवून दिले. सेगेदच्या निबंधाची कीर्ती जगभर झाली. मद्रासच्या निबंधाने केलेला दावा लहान होता. तो शरीराविषयी नव्हता, फळाविषयी होता, आणि तो रसायनशास्त्राच्या आजच्या ज्ञानाशी चांगला जुळतो.

एकमेकांची राखण

हे राखणीचे काम कसे चालते? ‘क’ जीवनसत्त्वाचा नाश करणाऱ्या हवेतील ऑक्सिजनला एका मध्यस्थाची गरज असते. तांब्याचे किंवा लोहाचे सूक्ष्म प्रमाणातले आयन हे काम करतात. तसेच अनेक वनस्पतींत तांबे असलेले एक विकर असते, तेही हेच करते. म्हणूनच चिरलेली भाजी किंवा फळांचा रस बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये. आवळ्यातील टॅनिन या आयनांना पकडून ठेवते आणि मध्यस्थच नाहीसा होतो. आवळ्याचा आंबटपणाही जीवनसत्त्व टिकायला मदत करतो. १९३९-४० च्या सुमारास हिस्सार भागातील दुष्काळात स्कर्व्ही पसरला, तेव्हा आवळ्याचा उपयोग झाला. वाळवून, पूड करूनही ज्यात थोडेफार ‘क’ जीवनसत्त्व शिल्लक राहते अशी फळे फार नाहीत. आवळा त्यांपैकी एक.

याच्या उलट उदाहरण वांग्याचे. चिरलेले वांगे हवेवर काळे पडते, कारण त्यातील पॉलिफिनॉलचे ऑक्सिडीकरण होऊन तपकिरी पदार्थ बनतात. फोडींना लिंबू चोळले तर त्या बराच वेळ पांढऱ्या राहतात. लिंबाच्या आंबटपणाने विकराचे काम मंदावते आणि ‘क’ जीवनसत्त्व ऑक्सिडीकरण झालेल्या पॉलिफिनॉलला पुन्हा मूळ रूपात आणते. म्हणजे आवळ्यात टॅनिन ‘क’ जीवनसत्त्वाला वाचवते, तर वांग्याच्या फोडीवर ‘क’ जीवनसत्त्व पॉलिफिनॉलला वाचवते. ‘निसर्गात ही दोन्ही सोबत असतात’ या वाक्यात एवढे तथ्य निश्चित आहे.

गोळीतून घेतल्यावर काय होते?

फळातून शरीरात आल्यावर परिस्थिती बदलते. ‘क’ जीवनसत्त्व लहान आतड्यात शोषले जाते आणि त्यासाठी शरीराजवळ खास वाहक प्रथिने आहेत. माणूस हे जीवनसत्त्व स्वतः बनवू शकत नसल्यामुळे ही व्यवस्था आवश्यकच आहे. फ्लॅव्होनॉइडचे तसे नाही. त्यांतील फारच थोडा भाग रक्तात पोचतो, त्यातही यकृत त्यांचे रूप बदलून टाकते आणि काही तासांत ते बाहेर पडतात. बराचसा भाग मोठ्या आतड्यात जाऊन तेथील जीवाणूंचे खाद्य होतो. त्यामुळे परीक्षानळीत फ्लॅव्होनॉइड जे करून दाखवतात, ते रक्तातही करतील असे गृहीत धरता येत नाही. पदार्थांची परीक्षानळीत मोजलेली ‘ऑक्सिडीकरणरोधक शक्ती’ दाखवणारा एक मोठा तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केला होता. जाहिरातींत त्याचा गैरवापर होऊ लागला आणि त्या आकड्यांचा आरोग्याशी थेट संबंध दाखवता येईना, म्हणून २०१२ मध्ये तो मागे घेण्यात आला.

फ्लॅव्होनॉइडमुळे ‘क’ जीवनसत्त्व अधिक शोषले जाते काय, याचीही तपासणी झाली आहे. १९८८ साली अमेरिकेत आठ जणांवर केलेल्या एका प्रयोगात मोसंबीवर्गीय अर्कासह दिलेले जीवनसत्त्व सुमारे ३५ टक्के जास्त शोषले गेल्याचे दिसले. जाहिरातींत हाच प्रयोग वारंवार सांगितला जातो. २०१३ मध्ये न्यूझीलंडमध्ये ३६ तरुणांना सहा आठवडे रोज ५० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व काहींना गोळीतून, काहींना किवी फळातून देण्यात आले. रक्तातील आणि स्नायूंतील पातळी दोन्ही गटांत सारखीच वाढली. किवीत फ्लॅव्होनॉइड असूनही फरक पडला नाही. पेशींवरच्या प्रयोगांत तर क्वेर्सेटिनसारखे फ्लॅव्होनॉइड ‘क’ जीवनसत्त्वाच्या वाहक प्रथिनांना अडवतात, असेही दिसले आहे.

जास्त मात्रेचाही उपयोग मर्यादित आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवून दिलेली रोजची शिफारस प्रौढ पुरुषासाठी ८० आणि स्त्रीसाठी ६५ मिलिग्रॅम आहे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सात निरोगी तरुणांना अनेक महिने रुग्णालयात ठेवून वेगवेगळ्या मात्रा देण्यात आल्या. रोज २०० मिलिग्रॅमच्या पुढे रक्तातील पातळी फारशी वाढेना, आणि ५०० मिलिग्रॅमच्या पुढे शोषलेले बहुतेक जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जाई. फार मोठ्या मात्रा सतत घेतल्यास मूतखड्याचा धोका वाढतो. सर्दीविषयी सांगायचे तर, नियमित घेतलेल्या ‘क’ जीवनसत्त्वाने सामान्य लोकांत सर्दी टळत नाही. ती थोडी लवकर आवरते इतकेच, आणि हा फरक प्रौढांमध्ये आठ टक्क्यांच्या आसपास आहे.

याचा अर्थ फ्लॅव्होनॉइड निरुपयोगी आहेत असा नाही. डायोस्मिन आणि हेस्पेरिडिन यांची औषधे मूळव्याध आणि शिरांच्या विकारांवर डॉक्टर देतात. भाज्या आणि फळे भरपूर खाणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळते. पण ते श्रेय तंतुमय पदार्थांचे, पोटॅशियमचे, जीवनसत्त्वांचे की पॉलिफिनॉलचे, ही वाटणी करणे कठीण आहे. फळ खाणाऱ्याला ती वाटणी करण्याची गरजही नसते.

शाई आणि रक्त

आता तिसऱ्या बाबीकडे वळू. जुन्नर हे एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होते. जुन्या दप्तरांत ‘जुन्नरी’ कागदाचा उल्लेख येतो. त्या काळी शाई करण्याच्या रीतींपैकी एक म्हणजे हिरड्याच्या पाण्यात हिराकस मिसळणे. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचा क्षार. हवेवर त्यातील फेरस लोहाचे फेरिक लोह बनते, टॅनिन त्याला घट्ट पकडते आणि काळी, न पुसणारी शाई तयार होते. लोखंडी सुरीने आवळा किंवा कच्चे केळे कापले की पाते काळे पडते, ते याच कारणाने.

आता असे पाहा, की रक्तक्षयावर डॉक्टर जी लोहाची गोळी देतात, तिच्यातही बहुधा फेरस सल्फेटच असते. म्हणजे हिराकसच. आणि चहात पॉलिफिनॉल असतात. मग गोळी आणि चहा एकाच वेळी पोटात गेल्यास काय होईल? दौतीत जे होते, तेच. पॉलिफिनॉलने घट्ट पकडलेले लोह आतड्याला शोषता येत नाही. वनस्पतिजन्य जेवणाबरोबर चहा घेतल्यास त्या जेवणातील लोहाचे शोषण निम्म्याने, कित्येकदा त्याहूनही अधिक घटते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. चहात दूध घातल्याने प्रश्न सुटत नाही, कारण दुधातील कॅल्शियमही लोहाच्या शोषणात अडथळाच आणते.

‘क’ जीवनसत्त्वाचे काम याच्या नेमके उलट. धान्ये, कडधान्ये आणि पालेभाज्यांतील लोह बहुतांशी फेरिक स्वरूपात असते. आतड्याच्या पेशी मात्र फेरस लोह आत घेतात. ‘क’ जीवनसत्त्व फेरिकचे क्षपण करून फेरस बनवते आणि ते विरघळलेल्या अवस्थेत राखते. शरीराच्या आतही त्याचे एक मोठे काम असेच आहे. त्वचा, हिरड्या आणि रक्तवाहिन्या यांना बळकटी देणारे कोलॅजेन हे प्रथिन तयार करणाऱ्या विकरांत लोह असते आणि ते फेरस अवस्थेत ठेवण्याचे काम ‘क’ जीवनसत्त्व करते. ते कमी पडले की कोलॅजेन कच्चे राहते आणि स्कर्व्हीतला रक्तस्राव सुरू होतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी २०१३ मध्ये याचा एक फार बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. किशोरवयीन मुलामुलींना नेहमीचे भाताचे जेवण दिले आणि दुसऱ्या वेळी त्याच जेवणाबरोबर १०० ग्रॅम पेरू दिला. पेरूमुळे लोहाचे शोषण दुपटीहून अधिक झाले. जेवणातील लोह वाढवले नव्हते, असलेले लोह अंगी लागले.

हे का महत्त्वाचे आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक आम्लाची निळी गोळी देण्याचा कार्यक्रम शाळांतून चालतो आणि ती गोळी प्रत्यक्ष हातावर ठेवणारे शिक्षकच असतात. घाटमाथ्यावर नाचणी, पूर्वेला बाजरी. दोन्हींत लोह आहे, पण लोहाला अडवणारे फायटेट आणि पॉलिफिनॉलही आहेत. त्यात सकाळचा आहार चहा-भाकरी किंवा चहा-चपाती असेल, तर जे थोडे लोह मिळायचे तेही निसटते.

वर्गात करून पाहण्याजोगे

पहिला प्रयोग आयोडीनचा. भाताची पेज पाण्यात पातळ करून पाच-सहा पेल्यांत सारखी घ्या. एका पेल्यात लिंबाचा रस, दुसऱ्यात उकळून गार केलेला लिंबाचा रस, तिसऱ्यात पेरूचा गाळलेला रस, चौथ्यात आवळ्याचा, पाचव्यात बिनदुधाचा पातळ चहा आणि सहाव्यात हिरड्याची पूड भिजवून गाळलेले पाणी, असे प्रत्येकी एक चमचा घाला. मग पातळ केलेले टिंक्चर आयोडीन थेंबथेंब टाकत ढवळा. निळा रंग टिकून राहायला किती थेंब लागले ते मोजा. ‘क’ जीवनसत्त्व आयोडीनचा निळा रंग घालवते, म्हणून जीवनसत्त्व जास्त तेवढे थेंब जास्त.

पण इथे मुलांना एक कोडे पडेल. चहात ‘क’ जीवनसत्त्व जवळजवळ नसते, तरी चहाचा पेला आणि हिरड्याचा पेलाही आयोडीनचे थेंब गिळतील. कारण आयोडीनला जीवनसत्त्व ओळखता येत नाही. क्षपण करणारा कोणताही पदार्थ त्याला सारखाच. टॅनिनने भरलेल्या फळांतील ‘क’ जीवनसत्त्व मोजणे म्हणूनच अवघड असते. आवळ्याच्या १०० ग्रॅम गरात ६०० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते, हा आकडा आपण अनेक वर्षे पुस्तकांत वाचत आलो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात तो २५२ आहे. फळाची जात, पक्वता आणि मोजण्याची रीत या सगळ्यांनी आकडा बदलतो. पेरूचा आकडा मात्र दोन्ही तक्त्यांत दोनशेच्या थोडा वरच आहे. मापन म्हणजे काय मोजले हे आधी विचारणे, हा धडा या एका प्रयोगातून मिळतो.

दुसरा प्रयोग शाईचा. चार पेल्यांत बिनदुधाचा पातळ चहा घ्या. प्रत्येकात प्रयोगशाळेतील फेरिक क्लोराइडच्या विरल द्रावणाचे दोन थेंब टाका. चहा शाईसारखा काळा होईल. आता पहिला पेला तसाच ठेवा. दुसऱ्यात लिंबू पिळा, तिसऱ्यात ‘क’ जीवनसत्त्वाची गोळी कुटून टाका, चौथ्यात थोडे व्हिनेगर घाला. कोणत्या पेल्यातला काळा रंग किती उतरला, हे मुलांनी नोंदवावे. केवळ आंबटपणाने किती फरक पडतो आणि जीवनसत्त्वाने किती, हे चौथा आणि तिसरा पेला शेजारी ठेवून ठरवता येईल. दोन्ही प्रयोगांतील कोणताही पदार्थ चाखू नये आणि कपड्यांवर डाग पडू देऊ नयेत, एवढी सूचना आधी द्यावी.

ताटात आणि शाळेत

या सगळ्यातून रोजच्या व्यवहारासाठी निघणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. जेवण किंवा लोहाची गोळी आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे. शाळेत गोळी पोषण आहारानंतर दिली जाते. तेव्हा त्या दिवशी पेरूची एक फोड किंवा लिंबू पिळलेली कोशिंबीर मिळाली, तर गोळीचे सार्थक होते. त्रिफळा चूर्ण घरी घेतले जात असेल, तर ते लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये, कारण त्यात हिरडा, बेहडा आणि आवळा तिन्ही असल्याने टॅनिन भरपूर असते. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी, आणि झाकण ठेवून थोड्या वेळात शिजवावी. लिंबू भाजी शिजत असताना पिळण्यापेक्षा ताटात पिळणे चांगले, म्हणजे जीवनसत्त्व उष्णतेने जात नाही.

आपल्या जुन्या पद्धतीत पानाच्या डाव्या बाजूला लिंबाची फोड, चटणी आणि कोशिंबीर वाढतात. ही मांडणी ज्यांनी घातली त्यांना फेरस आणि फेरिक लोह ठाऊक नव्हते, त्यामुळे त्यांना त्याचे श्रेय देण्याचे कारण नाही. पण ती मांडणी लोहाच्या दृष्टीने योग्य आहे, हे आज आपण प्रयोगाने सांगू शकतो. जेवण झाल्याबरोबर चहा घेण्याची सवय त्या मांडणीचा फायदा बराचसा पुसून टाकते, हेही त्याच प्रयोगाने सांगता येते.

बाटलीतली महागडी जोडगोळी घ्यायची की नाही, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. घाटमाथ्यावरच्या आश्रमशाळेतील मुलीपुढे तो प्रश्न नसतोच. तिच्यापुढे असते नाचणीची भाकरी, आमटी, आठवड्याची निळी गोळी, आणि हंगामात हाताशी असलेली करवंदे, पेरू, आवळे. यांतले काय कशाबरोबर खावे आणि कशापासून दूर ठेवावे, एवढे तिला कळले, तर आहे त्याच अन्नातून तिला अधिक लोह मिळू शकते. शाईचा प्रयोग तिने एकदा स्वतःच्या हाताने केला, की गोळी घेतल्यावर लगेच चहा का प्यायचा नाही, हे ती घरी जाऊन आईलाही समजावून सांगेल.